पहिला वर्ग नको, पहिली रांग द्या

३ मार्च, मंगळवार

दुपारी दादाचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी उचलला, नेहमीप्रमाणे तो म्हणाला, "अक्का आहे का?" आणि नेहमीप्रमाणे मी एक अक्षर न बोलता फोन अक्काच्या हातात दिला. चौदा वर्षं आम्हा बहीणभावांचं संभाषण एवढंच आहे. मला ते पुरतं.

अक्का अर्धा तास बोलली. मधे मधे आवाज खाली करत होती, जणू मी शत्रूच्या गोटातली. फोन ठेवून म्हणाली, "दादाला पुढच्या महिन्यात ऐंशी पुरी होतायत. त्याच्या हृदयाला आता विमान चालत नाही. मला जायचंय."

मी चष्मा काढला. अक्का शहात्तर वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा वाकत नाही. अकराव्या वर्षी हाडाला कीड लागली, डॉक्टरांनी सांधा कायमचा जोडून टाकला. तेव्हापासून तो पाय म्हणजे फूटपट्टी. त्या पायावर तिने चौतीस वर्षं गणित शिकवलं, रोज तीन मजले चढली. पण जिथे पुढच्या खुर्चीची पाठ गुडघ्यापाशी येते तिथे ती बसू शकत नाही. वीस वर्षांपूर्वी दादाकडे परदेशी निघाली होती. पाय वाटेत येतो म्हणून विमानाच्या दारातून तिला परत पाठवलं. दोनशे माणसं बघत होती. त्यानंतर तिने विमानाचं नाव काढलं नाही, ते आज.

"जाशील कशी?" मी विचारलं.

"तू नेशील तशी."

"मी? त्याच्या घरी?"

"घरी नको येऊस. दारापर्यंत पोचव आणि मग रस्त्यावर उभी राहा," अक्का म्हणाली.

७ मार्च, शनिवार

तिकिटं काढून देणाऱ्याकडे गेले. पोरगेलासा आहे. टाय इतका घट्ट बांधला होता की डोक्याला रक्त पोचत नसावं. मी सगळं सांगितलं. पाय, गुडघा, सांधा, कमरेपासून टाचेपर्यंत तेहतीस इंच.

"मॅडम, फर्स्ट क्लास घ्या. प्रश्नच मिटला."

"का मिटला?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. स्वतंत्र दालन, त्याला सरकतं दार. मागाल तेव्हा जेवण. रेशमी पायजमा. विमानतळावर वेगळी बसायची जागा, तिथे आंघोळसुद्धा.

"आंघोळ आम्ही घरून करून निघतो. पाय कुठे ठेवायचा?"

"फुल फ्लॅट आहे, मॅडम. पूर्ण आडवं होता येतं."

"आणि बिझनेस क्लास?"

"तोही फुल फ्लॅट."

"मग फरक काय?"

तो गोंधळला. आजवर त्याला हा प्रश्न बहुधा कुणी विचारलाच नसावा. ज्यांना परवडतं ते विचारत नाहीत आणि ज्यांना परवडत नाही ते दुकानात येत नाहीत. शेवटी म्हणाला, "फर्स्ट म्हणजे फर्स्ट ना, मॅडम."

कॉन्व्हेंटमध्ये असं उत्तर दिलं असतं तर आमच्या सिस्टरने पट्टी काढली असती.

८ मार्च, रविवार

अक्काने आमच्या गोष्टी ताबडतोब दादाला पोचवल्या. दादाचा निरोप आला: दोघींची पहिल्या वर्गाची तिकिटं तो पाठवतो.

मी म्हटलं, "त्याला सांग, त्याच्या पैशाने मी वरच्या वर्गात बसणार नाही. खालच्याही नाही. माझी पेन्शन आहे, तुझी पेन्शन आहे. बिझनेसपर्यंत आपले हात पोचतात."

"आणि बिझनेसमध्ये माझा पाय मावला नाही तर?"

"मावेल."

"कशावरून?"

हे मी इथे लिहिते, तिला सांगितलं नाही: कशावरूनच नाही. उगाच तोंडातून गेलं. आता शब्द राखायला हवा.

दादाचं म्हणाल तर त्याचं एक वाक्य अजून माझ्या कानात आहे. आई सात महिने अंथरुणावर होती. दिवसा वॉर्ड, रात्री आई, असं माझं चाललं होतं. तो आला नाही, फोनवर म्हणाला, "तुला काय जड आहे? तुझा धंदाच तो." मी फोन ठेवला तो ठेवलाच. एकोणचाळीस वर्षं नर्सची नोकरी केली, मेट्रन म्हणून निवृत्त झाले. धंदा!

१२ मार्च, गुरुवार

चार दिवस याच विषयाचा अभ्यास केला. जे कळलं ते टिपून ठेवते, कारण जगात हे कुणीही सरळ सांगत नाही.

पहिला वर्ग बऱ्याचशा विमानांत आता उरलेलाच नाही. असला तर सहा नाही तर आठ जागा, अगदी नाकापाशी. त्यामागे बिझनेस, तीस-चाळीस जागा. पूर्वी पहिल्या वर्गातच काय ते आडवं होता यायचं, बिझनेसमध्ये खुर्ची नुसती रेलायची. मग बिझनेसवाल्यांनीही पलंग आणले आणि पहिल्या वर्गाकडे दार, पायजमा आणि मिजास एवढंच शिल्लक राहिलं. आमच्या इस्पितळात पहिल्या वर्गाच्या खोलीत पडदा आणि फुलदाणी असायची. सलाईन सगळ्यांना तेच.

पण मेख अशी की बिझनेस हे फक्त नाव आहे, खुर्ची नव्हे. एकाच कंपनीच्या एका विमानात पलंग पूर्ण सपाट, दुसऱ्यात घसरगुंडीसारखा तिरका. तिकीट तेच. म्हणजे वर्ग विचारून उपयोग नाही, विमान विचारायचं. आणि सपाट पलंगातही पाय पुढच्या खुर्चीखालच्या खणात घालायचे असतात. माणूस गुडघा वाकवतो, पाय आत सरकवतो. अक्का काय करणार? फळी बाजूने खणात घालता येत नाही.

हे कळलं तेव्हा मी वही मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. दादाची तिकिटं घ्यावी लागतात की काय, असं पहिल्यांदा वाटलं.

१६ मार्च, सोमवार

विमान कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवर गळ्यात स्कार्फ बांधलेली बाई होती, पन्नाशीची. हसू ठीक होतं, डोळ्यांपर्यंत जात होतं. म्हणून बसले.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "गंभीर पेशंट आहे. स्टाफच्या टेबलाजवळची जागा द्या."

वॉर्डात ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला सिस्टरच्या टेबलासमोरची खाट देतात. हे माझ्या हाडात आहे. स्कार्फवाली म्हणाली, "म्हणजे पहिली रांग. पण ती कुणी मागत नाही हो. पलीकडे आमचं स्वयंपाकघर. भांडी वाजतात, पडदा हलतो, उजेड येतो."

"बहीण छत्तीसच्या छत्तीस मुलांच्या गोंगाटात वह्या तपासायची. दाखवा."

तिने नकाशा फिरवून माझ्यासमोर धरला. दोन ते नऊ रांगांमध्ये पायाच्या जागी निमुळता खण काढला होता. पहिल्या रांगेत खण नव्हता. पुढे खुर्चीच नाही, भिंत आहे. तिथे पायासाठी नुसता रुंद चौकोन.

"हा बाक आहे का? वाटेच्या बाजूने उघडा आहे की भिंत आहे?"

"असेल उघडा."

"किती इंच?"

तिने संगणक पाहिला, फोन केला, आतल्या साहेबाला विचारून आली. कुठली शॅम्पेन देतात ते लिहिलेलं आहे. उशीत कुठल्या पक्ष्याचं पीस आहे ते लिहिलेलं आहे. इंच कुणालाच माहीत नाहीत.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही लोक माणसं नेता की शॅम्पेन?"

ती हसली नाही. कागदावर माझा नंबर लिहून घेतला. हे मला आवडलं.

१९ मार्च, गुरुवार

आज इंच मिळाले, आणि कुठे, तर जिन्यात.

तळमजल्यावर सुतार राहतो. वरच्या माळ्याच्या फळीचं विचारायला गेले होते, बोलता बोलता विमानाचं निघालं. तो म्हणाला, "मेट्रनबाई, मग हिला विचारा की. ही रोज विमानंच झाडते."

सात वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नाही! त्याची बायको विमानतळावर साफसफाईच्या टोळीत आहे. मला वाटायचं कुठल्या कचेरीत जाते.

"पहिली रांग?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "ती माझ्या आवडीची. बाकीच्या खणांत नुसता नळी घालून कचरा ओढायचा, हात जात नाही. पहिलीत मी अख्खी वाकते. वाटेच्या अंगाला काही नाही, मोकळं."

"रुंदी किती?"

तिने हवेत वीत मांडली. "तीन विती आणि चार बोटं."

मी तिथल्या तिथे टेप काढून तिची वीत मोजली. आठ इंच. चार बोटं तीन इंच. सत्तावीस. मी तिचा हात सोडेना, तशी सुतार म्हणाला, "बाई, हात परत द्या, संध्याकाळची भाकरी आहे अजून."

"उंची?"

"बसलं की मांडीला लागेल एवढी. खुर्चीच्या बरोबरीची."

टायवाला, संगणक, साहेब, सगळे एका पारड्यात घाला. जी बाई गुडघ्यावर बसून फरशी पुसते तिलाच खोली किती मोठी आहे ते माहीत असतं. वॉर्डात मी हे नव्या नर्सांना शिकवायचे आणि स्वतःच विसरले.

२२ मार्च, रविवार

सुताराने दिवाणखान्यात विमान बांधलं. आमची आरामखुर्ची, पुढे प्लायवुडचा सत्तावीस इंची बाक, एका बाजूला खिडकी म्हणून कपाट. दुसरी बाजू मोकळी. मागे पुठ्ठ्याचा एक निमुळता खणही केला, तुलनेसाठी.

खणात पाय घालायला अक्काने चार मिनिटं घेतली, तरी टाच बाहेर आणि पुठ्ठा फाटलेला.

मग बाकाची खुर्ची. अक्काने आधी वाटेकडे तोंड करून, आडवं बसायचं. सरळ पाय वाटेत. मग मी टाच हातात धरायची आणि ती बुडावर फिरताना पाय दारासारखा वळवून बाकावर ठेवायचा. पहिल्या वेळी कपाटाचा आरसा थोडक्यात बचावला. पाचव्या वेळी वीस सेकंद. नवव्या वेळी अकरा.

सुतार टाळ्या वाजवत म्हणाला, "अक्का, आता पट्टा बांधा, सरबत येतंय."

"सरबत कसलं," अक्का म्हणाली, "शॅम्पेन."

किती वर्षांनी ती अशी पाय समोर पसरून, सगळ्यांच्या पंक्तीत बसली होती. खिडकी म्हणून कपाटाकडे बघत राहिली बराच वेळ.

२६ मार्च, गुरुवार

स्कार्फवालीने फोन करून आनंदाची बातमी दिली. त्यांची प्रशिक्षित माणसं असतात, घरापासून थेट पलीकडच्या दारापर्यंत वृद्धांना सोबत करतात. म्हणजे मी जायची गरज नाही. केवढं ओझं उतरलं! मी लगेच अक्काला सांगितलं, टाच धरायची रीत मी त्या माणसाला शिकवीन.

अक्काचा चेहरा पडला. "मला परकं माणूस नको."

"तू एकटीने परीक्षेच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरलीस."

"तेव्हा तरुण होते."

संध्याकाळी सराव केला तर अकराचे एकदम पंचेचाळीस सेकंद. पाय उचलेना, कमर वळेना, टाच दोनदा निसटली. सुताराच्या बायकोने टाच धरली तरी तेच. मी धरली की बरोबर जमतं. वय झालं, दुसरं काय. नर्सचा हात लागतो.

म्हणजे मला जावंच लागणार. रात्री अक्काचं दादाशी फोनवर पुन्हा काहीतरी कुजबुजणं झालं. मी आत गेले तर म्हणते, "हवा विचारत होता."

२ एप्रिल, गुरुवार

परवानगीच्या अर्जावर विमान कंपनीच्या डॉक्टरांकडून पत्र आलं. नकार. 'गुडघा न वाकणाऱ्या प्रवाशाला उड्डाणाच्या वेळी सुरक्षित बसवता येईल याची खात्री नाही.'

अक्काने पत्र वाचलं, घडी घातली, पाकिटात ठेवलं. म्हणाली, "जाऊ दे, धाकटे." आणि वह्या तपासायचा जुना लाल पेन घेऊन शब्दकोडं सोडवत बसली. एकही शब्द लिहिला नाही.

मला इतका संताप आला की कणीक तिंबताना परात खाली आली. ज्यांनी तिचा पाय पाहिला नाही, जागा मोजली नाही, त्यांना खात्री नाही!

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहापासून पत्र लिहायला बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने शिकवलेल्या इंग्रजीत, एकही खोडतोड नाही. तीन मुद्दे. उड्डाणाच्या वेळी त्यांना काय हवं? पाठ ताठ, पट्टा बांधलेला, वाट मोकळी. तिन्ही पहिल्या रांगेत होतं. सोबत सुताराने काढलेलं मापाचं चित्र, अक्काच्या पायाचा एक्स-रे, आणि आमच्या दिवाणखान्यातल्या सरावाचा व्हिडिओ, त्यात भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसतो. शेवटी लिहिलं: 'तुमच्या डॉक्टरांनी खात्री नाही असं लिहिलं आहे. अशक्य आहे असं लिहिलेलं नाही. खात्री करून घेण्याचं काम माझ्या नोकरीत मी एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यावर ढकललं नाही.'

स्कार्फवालीच्या हातात नेऊन दिलं. तिने उभ्याने वाचलं. म्हणाली, "हे मी ईमेलने पाठवत नाही. स्वतः वर घेऊन जाते."

९ एप्रिल, गुरुवार

मंजूर! मंजूर! पहिल्या रांगेतल्या शेजारशेजारच्या दोन जागा, अक्का खिडकीशी.

अक्काने शब्दकोडं पूर्ण केलं.

१५ एप्रिल, बुधवार

आनंद सहा दिवसांचा होता. आज निरोप: 'विमानात बदल झाला आहे. आपला वर्ग तोच राहील, काळजी नसावी.' वर्ग तोच! बदललेलं विमान तेच घसरगुंडीवालं. टायवाल्याला फोन केला तर म्हणतो, "पण बिझनेसच आहे ना, मॅडम?" मी फोन ठेवला. माझ्या रक्तदाबाला तो पोरगा चालत नाही.

तशीच चपला घालून कचेरीत गेले. स्कार्फवालीचा चेहराही माझ्यासारखाच झाला होता. तिला मघाशीच कळलं होतं. म्हणाली, "बसू नका. उभ्यानेच ऐका. योग्य विमान उद्या सकाळी जातंय. तुमचं परवाचं नाही, उद्याचं. पहिल्या रांगेत दोन जागा आहेत. मी धरून ठेवल्यात, पण बाराला सुटतील."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"घ्या," मी म्हटलं.

"बहिणीला विचारायला नको?"

"ती गणिताची बाई आहे. उरलेली वीस मिनिटं तिला माहीत असतात."

बॅगा भरायला एक दुपार. अक्का आधीच भरून बसली होती, चार दिवसांपासून. माझीसुद्धा. माझी बरी निळी साडी, जी मी नेणार नव्हते, तीही तळाशी सापडली.

१६ एप्रिल, गुरुवार. विमानात

हे मी आकाशात लिहिते आहे. हात थोडा हलतो.

विमानाच्या दारात अक्का थांबली. चाकाच्या खुर्चीतून उठली, काठी टेकली आणि उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी इथूनच परत फिरवलं होतं. मागे माणसं खोळंबली.  मग तिने आधी तो सरळ पाय उचलून आत ठेवला.

आत जी मुख्य बाई होती तिला हवाईसुंदरी म्हणायला माझी जीभ धजणार नाही. ती मेट्रन आहे. चष्म्यावरून बघण्याची पद्धत मी ओळखते. तिने पायाकडे बघितलं, जागेकडे बघितलं आणि म्हणाली, "उड्डाणाआधी हे शक्य आहे का, मला शंका आहे."

"घड्याळ लावा," मी म्हटलं.

अक्का आडवी बसली. मी टाच धरली. धरली ती धरूनच ठेवली, हे इथे कबूल करते. अक्का हळूच म्हणाली, "धाकटे, कपाट नाहीये इथे. आरसा फुटायचा नाही. फिरव."

पाय वळला. बाकावर टेकला. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा. सुताराच्या बायकोची वीत एक सूतही चुकली नव्हती.

मुख्य बाईने घड्याळ खाली केलं. "नऊ सेकंद," ती म्हणाली. मग वाकून अक्काचा पट्टा स्वतः घट्ट केला आणि मागच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने हात वर केला, वर्गाला गप्प करायची तसा.

विमान उचललं तेव्हा तिने माझा हात धरला होता. म्हणजे मी धरला होता. तिला कसलीच भीती वाटत नव्हती, नाक काचेला लावून बसली होती.

जेवणानंतर अक्का आडवी झाली आणि कधी नव्हे ते सरळ झोपली. पलीकडे भांडी वाजत होती, ती घोरत होती.

मी मुख्य बाईला विचारलं, "तुमचा तो पहिला वर्ग बघता येईल?" एक दालन रिकामं होतं. तिने पडदा सारला. गुळगुळीत लाकूड, दिवा, एक फूल, सरकतं दार. मी टेप काढला. तिने धरायला दुसरं टोक घेतलं.

पाय ठेवायची जागा प्रशस्त आहे. पण खुर्चीपासून तिथवर वाटेच्या बाजूने भिंत आहे. दार सरकतं, भिंत सरकत नाही. आडवं बसून पाय वळवायला तेहतीस इंच हवेत. तिथे सव्वीसही नाहीत. अक्का दारात अडकली असती. फुलासकट.

जे सगळ्यांत महाग तेच तिला बसलं नसतं! दादाची तिकिटं घेतली असती तर आम्ही पुन्हा दारातून परत फिरलो असतो, रेशमी पायजमा घालून. परत येऊन बसले आणि एकटीच इतकी हसले की पलीकडच्या गृहस्थाने कानातलं यंत्र काढून माझ्याकडे पाहिलं. मी शॅम्पेन मागवली. आंबट आहे. संपवली.

१७ एप्रिल, शुक्रवार. दादाच्या घरी

उतरल्यावर काचेच्या दारापलीकडे दादा उभा होता. केवढासा झालाय! चालायच्या चौकटीला धरून उभा होता आणि ऐंशी वर्षांच्या माणसाने घालू नये असा लाल स्वेटर घातला होता.

अक्काने चाकाची खुर्ची थांबवायला लावली. उठली, काठी टेकत त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "घे. आणली."

बिचारी फार दमली होती. वीस तासांच्या प्रवासाने माणसाला कोण कुणाला आणतंय तेही कळेनासं होतं. मी दुरुस्त करणार होते, पण दादा अक्काकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

चौदा वर्षांनी हा प्रश्न! मी म्हटलं, "दर दोन तासांनी."

गाडीत अक्का पुढच्या जागेवर पाय पसरून बसली होती आणि विनाकारण गुणगुणत होती.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी मी निळी साडी नेसून स्वयंपाकघरात गेले. बॅगेत हाताला दुसरी बरी साडी लागलीच नाही. दादाने स्वतः चहा केला. अर्धा बशीत सांडला. समोर बसला. अक्का शेजारच्या खोलीत झोपली होती, दार लावून. म्हणाली होती, उठवू नका.

दादा म्हणाला, "आईचे ते सात महिने. मला कुणी सांगितले नाहीत."

"तू विचारलेस कधी?"

"नाही. फोनवर जे बोललो, त्यानंतर विचारायला तोंड नव्हतं. आता विचारतोय. तू होतीस म्हणून ती..." त्याने बशी पुढे सरकवली. "सगळं सांग. काही गाळू नकोस."

माझ्याकडे तयार उत्तरं पुष्कळ होती. चौदा वर्षांत एकेक घासून धारदार केलेली. एकही निघालं नाही. मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. आईला कुठली कूस सोसायची, पाठीला मी कुठलं तेल लावायचे, ती कशावर हसायची. एका रात्री तिने दादाचं पत्र उशीखालून काढून वाचायला लावलं, तेही सांगितलं. दादा चष्मा पुसत होता आणि परत घालत होता. चहा गार झाला. मी पुढे सरकले: शेवटी तिने पेज मागितली, तो मंगळवार होता.

"बुधवार!" बंद दारामागून अक्काचा आवाज आला.

दादा दचकला, मग हसायला लागला. इतका, की त्याच्या हृदयाची मला धास्ती वाटली. उठून नाडी बघितली. ठीक होती, भरदार. त्याने मनगट सोडवून घेतलं नाही.

बुधवारच होता, आता आठवलं. पण झोपलेल्या माणसाने मधे बोलू नये.